पेपरच्या आदल्या रात्री जागू का?

प्रश्न: ताई, परवा माझा महत्त्वाचा पेपर आहे आणि दोन चॅप्टर अजून हातच लावलेले नाहीत. उद्या रात्रभर जागून संपवू का? मागच्या वेळी जागले होते तर पेपरमध्ये येत असलेलं पण आठवेना.

उत्तर: अगं नको जागूस, खरंच नको. मागच्या वेळी जे झालं ना त्यात तुझ्या अभ्यासाची चूक नव्हती, झोपेची होती. आपण दिवसभर वाचतो ते मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात कच्चं साठतं आणि ते पक्कं व्हायचं काम बरंचसं झोपेतच होतं, मग झोपच काढून टाकली तर वाचलेलं राहणार कुठे? शिवाय सलग 17 तास जागं राहिलं की माणसाची रिअ‍ॅक्शन रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावते, हे 1997 मध्येच तपासून झालंय. म्हणून तर प्रश्नातला 'नाही' हा शब्दच दिसत नाही, गणितात वजाचं चिन्ह खालच्या ओळीत उतरवायचं राहतं, आणि आपल्याला वाटत असतं की सगळं बरोबर चाललंय! मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

तर उद्या त्या दोन चॅप्टरमधलं फक्त मेन मेन बघ, दुपारनंतर कॉफी नको कारण तिचा निम्मा असर पाच-सहा तासांनी पण शिल्लक असतो, आणि सात-आठ तास झोप. झोप लागली नाही तरी घाबरू नकोस, फोन लांब ठेवून नुसती डोळे मिटून पडून राहा.