'फक्त' चेकवर लिहितात

प्रिय पोरा,

"काका, मी फक्त शनिवारी बसतो, तेही बिअरवर," असं लिहिलंयस. पुढे स्वादुपिंडाच्या कॅन्सरबद्दल चार प्रश्न. घाबरलास, बरं झालं. पण आधी तो 'फक्त' खोड. 'फक्त' चेकवर लिहितात, अक्षरी रकमेपुढे. ग्लासपुढे नाही.

मोज. 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलीच्या बाटलीत साधारण 41 ग्रॅम अल्कोहोल. दोन झाल्या की 82. आठवड्यावर वाटले तर दिवसाला 12च पडतात, म्हणशील. आणि बुधवारची ऑफिसपार्टी? मावसभावाची हळद? ती कुठल्या खात्यात टाकलीस?

2025 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने सुमारे 25 लाख लोकांची माहिती एकत्र तपासली. रोजच्या दर 10 ग्रॅममागे या कॅन्सरचा धोका 3 टक्क्यांनी जास्त दिसला. रोज 60 ग्रॅमच्या वर पिणाऱ्या पुरुषांत, अगदी थोडी घेणाऱ्यांच्या तुलनेत, 36 टक्के जास्त. कधीच सिगारेट न ओढलेल्यांतही संबंध दिसला. वाइनशी नाही दिसला, खरंय. पण तू वाइन कधी प्यायलास रे?

आजार तसा विरळा, पण बहुतेकदा उशिरा कळतो. म्हणून म्हणतो, मोज.

मी चाळीस वर्षं लोकांचे ताळेबंद पैशापर्यंत जुळवले. महिनाअखेरीचं क्लोजिंग झालं की लोअर परळच्या परमिट रूममध्ये नाईंटी आणि खारे दाणे. पुढे घरीच, रोज, स्टीलच्या पेल्यात, अंदाजाने. एकदा नातीच्या खोकल्याच्या औषधाचं झाकण घेऊन मोजलं, तर माझा 'एक पेग' 70 मिलीचा निघाला! तोवर स्वादुपिंडाच्या सुजेने दोनदा ॲडमिट झालो होतो. पोटातली कळ थेट पाठीत जायची, रात्रभर उशी पोटाशी धरून वाकून बसायचो. आता जेवताना पचनासाठी एन्झाइमची कॅप्सूल आणि जोडीला इन्सुलिन. जुनाट सुजेने कॅन्सरचा धोका आणखी वाढतो, तो वेगळाच.

बेवडा नव्हतो मी. 9:12ची लोकल कधी चुकली नाही, घरात आवाज चढला नाही, उधारी केली नाही. पगार आधी तुझ्या काकूच्या हातात. बघ, लागलोच वकिली करायला.

रविवारी ये. तुझा नेहमीचा ग्लास आण. ते 10 मिलीचं झाकण मी जपून ठेवलंय. पाणी ओतून तुझा अंदाज बघू.

तुझा,
काका