किनाऱ्यालगतचा प्लॉट विकून दिला, आता जबाबदारी माझ्यावरच लिहून मागतात

प्रश्न : मी मूळचा नाशिकचा, सिडकोतला. तीन वर्षांपासून दापोली तालुक्यात समुद्राकाठच्या एका गावी भाड्याने राहतो आणि जमिनीचे व्यवहार जुळवून देतो. गेल्या वर्षी एका डेव्हलपरच्या साठ गुंठ्यांच्या प्लॉटिंगमधला चार गुंठे प्लॉट आमच्या नाशिकच्या जुन्या शेजाऱ्यांना दाखवला. किंमत १४ लाख ठरली. ९ लाख त्यांनी आरटीजीएसने थेट डेव्हलपरला दिले. २ लाख रोख माझ्या हातात दिले. ते मी त्याच आठवड्यात साइट ऑफिसात पोचवले, पण पावती मिळाली नाही. करार ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर, नोटरी केलेला. मला ४० हजार कमिशन मिळाले. आता कळते की एनए (बिगरशेती) झालेलेच नाही, सातबारा सामाईक आहे आणि प्लॉट सीआरझेडमध्ये (किनारी नियमन क्षेत्रात) येतो. प्रोजेक्टला महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा) नंबर नाही, माझीही तिथे नोंदणी नाही. शेजाऱ्यांच्या वकिलाची नोटीस आली आहे : १५ दिवसांत ११ लाखांची जबाबदारी माझी असे स्टॅम्पपेपरवर लिहून द्या, सिक्युरिटी म्हणून चेक द्या, नाहीतर नाशिकच्या पोलीस ठाण्यात तक्रार करू. डेव्हलपरकडे माझे दुसऱ्या सौद्यांचे १ लाख ८० हजार अडकले आहेत. सही करू का? आणि हे काम पुढे चालू ठेवता येईल का?

उत्तर : सही करू नका आणि चेकही देऊ नका. आज तुमच्यावर आहे तो आरोप. सही केलीत की ते कर्ज होईल, तेही अकरा लाखांचे. ‘सिक्युरिटीचा चेक आहे, भरणार नाही’ हे तोंडी आश्वासन कोर्टात फारसे टिकत नाही. चेक परत आला की बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले नाहीत की पुढच्या महिन्याभरात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ची फौजदारी तक्रार. मग ‘पैसे मी घेतलेच नव्हते’ हे सिद्ध करण्याचे ओझे तुमच्या डोक्यावर येते, कारण चेक देण्यामागे देणे असावे असे कायदा गृहीत धरतो.

मुळात ११ लाख परत करण्याची जबाबदारी कोणाची? भारतीय करार कायद्याच्या कलम २३० प्रमाणे, ज्याच्या वतीने काम केले तो मालक उघड असेल, तर त्या कराराबद्दल एजंट स्वतः बांधील नसतो. इथे करार डेव्हलपरच्या नावाचा, ९ लाख त्याच्या खात्यात. तेवढ्यापुरते तुम्ही सुरक्षित आहात. मात्र हे कलम करारापुरते आहे, तुम्ही स्वतः जे बोललात त्याला ते लागू पडत नाही. ‘एनए मंजूर’, ‘बीचपासून दोन मिनिटे, बांधकामाला हरकत नाही’ असला मजकूर तुमच्या व्हॉट्सॲपवरून गेला असेल, तर तो फॉरवर्ड केलेला होता एवढ्याने सुटका नाही. मेसेज पुन्हा वाचा. डेव्हलपरने तुम्हाला जे पाठवले तेच तुम्ही पुढे पाठवले असेल तर ती साखळी तुमच्या कामाची आहे. स्वतःहून काही जोडले असेल तर ते आजच तुमच्या वकिलाला सांगा, उलटतपासणीत कळण्यापेक्षा बरे.

आता खरी दुखरी जागा. ती ११ लाखांची नाही, त्या २ लाखांची आहे.

ती रोकड तुमच्या हातात आली हे शेजारी सांगणार, तुम्हीही नाकारू शकत नाही, आणि पुढे गेली याचा कागद नाही. भारतीय न्यायसंहितेचे कलम ३१८(४) म्हणजे फसवणूक, सात वर्षांपर्यंत शिक्षा. पण एजंट, दलाल यांनी विश्वासाने सोपवलेल्या मालमत्तेचा अपहार केला तर कलम ३१६(५) लागते आणि त्यात शिक्षा दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपेपर्यंत जाते. पोलिसांनी हे कलम लावायचे ठरवलेच, तर त्याचा आधार या दोन लाखांवर उभा राहील. शिवाय स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक आगाऊ रक्कम रोखीत स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे आणि स्वीकारणाऱ्याला तेवढ्याच रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. दोन लाख रोखीत हवेत असे डेव्हलपर का म्हणाला असेल, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून या आठवड्यातले पहिले काम : डेव्हलपरला व्हॉट्सॲपवर आणि त्याच मजकुराचे स्पीड पोस्टाने पत्र. धमकी नाही, शिवीगाळ नाही. ‘अमुक तारखेला अमुक यांचे प्लॉट नंबर अमुकचे २ लाख रुपये रोख तुमच्या साइट ऑफिसात अमुक व्यक्तीकडे दिले, पावती बाकी आहे, पाठवावी’ एवढेच. ‘हो, देतो’ असे दोन शब्द आले तरी तुमचे निम्मे काम झाले. उत्तर आले नाही तरी तुम्ही वेळेत विचारणा केली हे नोंदले जाते. मग त्या आठवड्यातले मेसेज शोधा : ‘पोचलो’, ‘पैसे दिले’, शेजाऱ्यांना पाठवलेला ‘रक्कम जमा केली’ असा निरोप, काहीही. फोन बदलू नका, फॉरमॅट तर मुळीच करू नका. स्क्रीनशॉट पुरत नाहीत. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४)चे प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी मूळ फोन हाताशी असलेला बरा.

पोलीस ठाण्यातून फोन आला तर टाळू नका; दापोली सोडून निघून जाणे तर सर्वांत वाईट. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३)ची लेखी नोटीस मागा, दिलेल्या तारखेला हजर राहा, कागदांची यादी करून द्या आणि पोच घ्या. गुन्हा दाखल होईल अशी चिन्हे दिसली की नाशिकच्या सत्र न्यायालयात कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करावा लागेल. त्या अर्जात न्यायाधीश पहिल्यांदा विचारतील ते त्या दोन लाखांचेच.

महारेराचे गणित वेगळे. ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त जमिनीवरचे प्लॉटिंग नोंदवावे लागते. पाच गुंठे म्हणजेच साधारण ५०६ चौरस मीटर. साठ गुंठे सहा हजारांच्या वर जातात. जमीन नियोजन क्षेत्रात हवी ही अट आहे, म्हणून नगररचना विभागाचा झोन दाखला काढा; प्रादेशिक योजनेतले क्षेत्र त्यात धरले जाते. नोंदणी नसलेल्या प्रोजेक्टमधला प्लॉट विकून देणाऱ्या एजंटाला रेरा कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे रोज १० हजार दंड, पण एकूण त्या प्लॉटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. १४ लाखांवर ७० हजार. झोंबणारी रक्कम आहे, पण ११ लाखांपेक्षा फार कमी. या दंडाच्या भीतीने कोणी स्टॅम्पपेपरवर सही करत असेल तर त्याचा हिशेब चुकतो आहे.

शेजाऱ्यांना वाट दाखवणे तुमच्या फायद्याचे आहे. उरलेले ३ लाख त्यांनी अजिबात देऊ नयेत, हे आजच लेखी कळवा. नोंदणीकृत कराराशिवाय प्रवर्तकाला, म्हणजे डेव्हलपरला, १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, म्हणजे १४ लाखांवर १ लाख ४० हजार. याने ११ घेतले. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. त्यांनी डेव्हलपरविरुद्ध महारेराकडे ऑनलाइन तक्रार करावी. फी ५ हजार आहे, आणि परताव्यासोबत व्याज स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (कर्जाचा आधारदर) अधिक २ टक्के या दराने मागता येते. सुविधांसह प्लॉट देण्याचे वचन असेल, तर ग्राहक आयोगाचा मार्गही आहे. दावा ते राहतात तिथे, म्हणजे नाशिकच्या जिल्हा आयोगातच करता येतो, पण दोन वर्षांच्या आत. दोन्ही ठिकाणी तुम्हालाही सामनेवाले करतील. करू देत. कागद घेऊन हजर राहणारा एजंट आणि गायब झालेला एजंट यांच्याकडे एका नजरेने पाहिले जात नाही.

ते ४० हजार परत करावेत का? माझे मत, करावेत. ज्या कामात चूक झाली त्याचा मोबदला हाताशी ठेवून वाटाघाटी होत नाहीत. पण बँकेतून, आणि सोबत वकिलाने लिहिलेल्या पत्रासह : ही कमिशनची रक्कम आहे, ११ लाखांचा हप्ता नव्हे, आणि जबाबदारी मान्य केल्याची खूण नव्हे. हातोहात रोख दिलेत तर दुसरी बिनपावतीची रक्कम तयार होईल.

अडकलेल्या १ लाख ८० हजारांवर आत्ता वेळ घालवू नका. नोंदणीशिवाय केलेल्या दलालीचे पैसे कोर्टातून मिळवणे अवघड आहे, आणि त्या दाव्यात तुम्ही स्वतःच लिहून द्याल की असे आणखी सौदे केले.

काम पुढे चालू ठेवायचे असेल तर आधी महारेराचे प्रशिक्षण, परीक्षा आणि नोंदणी. वैयक्तिक एजंटाला फी १० हजार, मुदत पाच वर्षे. तोवर एकही प्लॉट दाखवू नका, ‘फक्त ओळख करून दिली’ या नावाखालीही नाही. जाहिरातीत प्रोजेक्टचा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड हवाच, आणि व्हॉट्सॲपचा मेसेजही जाहिरातच.

किनाऱ्यावरची जमीन नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या प्लॉटसारखी तपासून चालत नाही. सातबारा आणि फेरफार दोन्हीकडे लागतात, पण कोकणात बऱ्याच गावांत हिस्सा नंबर आणि सामाईक खाती असतात. चार गुंठे लिहून घेतले तरी जमिनीवर ते नेमके कुठले, हे वाटप आणि मोजणीची क प्रत (मोजणीचा नकाशा) नसेल तर कोणी सांगू शकत नाही. शेतजमिनीचे एवढे छोटे तुकडे तुकडेबंदी कायद्यात अडकतात. जिरायतीला प्रमाणभूत, म्हणजे किमान, क्षेत्र २० गुंठे आहे. घेणारा शेतकरी नसेल तर कूळ कायद्याचे कलम ६३ आड येते. इतर हक्कात कुळाचे नाव किंवा खाजगी वनाचा शेरा असेल तर तिथेच थांबा.

सीआरझेडमध्ये सगळ्यांत जास्त चूक अंतर मोजण्यात होते. मोबाइलच्या नकाशावर पाण्याच्या कडेपासून मोजतात आणि ‘अडीचशे मीटर आहे, निवांत’ म्हणतात. मोजायचे असते भरतीच्या उच्चतम रेषेपासून. ती रेषा मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर आखलेली असते, आणि पाण्याच्या कडेच्या बरीच आत असू शकते. ग्रामीण किनाऱ्यावर त्या रेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र. २०१९च्या अधिसूचनेत ते ५० मीटरवर आले ते फक्त चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक वस्ती असलेल्या ग्रामीण भागासाठी. दापोली तालुक्यातली बहुतेक किनारी गावे त्या आकड्याच्या जवळपासही नाहीत. खाडीकाठ विसरतात तो वेगळाच. तिथेही भरतीचे पाणी येते, तिथेही नियम लागतो. २०० मीटरच्या पलीकडे, ५०० पर्यंतही नाशिककराचा सुट्टीचा बंगला आपोआप बसत नाही.

नोटिशीतली १५ दिवसांची मुदत कायद्याने घातलेली नाही, तरी उत्तर तिच्या आतच जाऊ द्या. उत्तरात मालकाचे नाव, कोणती रक्कम कोणत्या दिवशी कोणाकडे गेली, डेव्हलपरला पावतीसाठी लिहिलेल्या पत्राची तारीख, आणि महारेरात साक्ष व कागद देण्याची तयारी. दोन लाख मिळालेच नाहीत असे चुकूनही लिहू नका. मिळाले आणि पोचवले, असेच लिहा.