चार-पाच हजारांत घरासाठी कॉर्डलेस ड्रिल मशीन कोणतं घ्यावं?

जुळे सोलापुरात नवा फ्लॅट, पडद्यांचे रॉड, दोन-तीन शेल्फ, आरसा आणि वॉटर प्युरिफायर लावायचाय, शिवाय बाळीवेशीत वडिलांचं जुनं घर. बजेट चार-पाच हजार. एवढं तुम्ही लिहिलंय. तर मशीनआधी भिंतीचं बोलू. या पैशांत एकच कॉर्डलेस दोन्ही घरांत, सगळ्या भिंतींवर चालेल असं कुणी सांगितलं, तर तो विकायला बसलाय एवढं ओळखा.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मेन्टेनन्सला आहे. त्यामुळे अख्ख्या बिल्डिंगची भोकं पाडायला रविवारी मलाच बोलावणं येतं, आणि सगळ्यात जास्त तक्रार पडद्याच्या रॉडचीच असते. रॉडचे ब्रॅकेट येतात खिडकीच्या वर, आणि नेमका तिथेच आरसीसीचा लिंटेल, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटची आडवी पट्टी असते. ६ मिमीचा बिट (भोक पाडायची सळई) प्लास्टरमधून सुरसुर जातो, मालक खूश होतो, आणि सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवर बिट जो अडतो तो अडतोच. मशीन कर्कश ओरडतं, भोकातून चिमूटभर करडी पूड येते, बिट बाहेर काढून हात लावाल तर चटका बसेल. भिंतीच्या मध्यावर मात्र लाल पूड आली की वीट आहे, काम झालंच समजा. पांढुरकी, हलकी पूड भराभर पडायला लागली तर तो हलका ब्लॉक. तिथे मशीनचा हॅमर (ठोके देत भोक पाडायची सोय) बंद ठेवा, नाहीतर भोक मोठं होतं आणि गिट्टी, म्हणजे स्क्रूसाठीचा प्लास्टिकचा प्लग, आत नुसती फिरत राहते.

आता आरसीसीत बिट असा का अडतो? आपल्याला घरगुती मशीनमध्ये जो हॅमर मिळतो, त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून बिटाला बारीक धक्के देतात. धक्क्याचा जोर तुमच्या हाताच्या दाबावर. कंत्राटदाराकडचं रोटरी हॅमर वेगळं, त्यात आतला पिस्टन हवेच्या दाबाने बिटावर ठोके घालतो, तुम्ही फक्त धरायचं. त्यामुळे आरसीसीची आठ-दहा भोकं असतील तर तेवढ्यासाठी रोटरी हॅमर भाड्याने आणा किंवा इलेक्ट्रिशियनला बोलवून एका दिवसात पाडून घ्या. आणि फ्लॅट हल्लीच्या अॅल्युमिनियम फॉर्मवर्कचा असेल, म्हणजे सगळ्याच भिंती काँक्रीटच्या, तर कॉर्डलेसचा विचारच सोडा. दोन-अडीच हजारांचं ५००-६०० वॅटचं, १३ मिमी चकचं (चक म्हणजे बिट पकडणारा जबडा) वायरवालं इम्पॅक्ट ड्रिल घ्या. दिसायला साधं, पण दमत नाही.

भिंती विटांच्या किंवा ब्लॉकच्या असतील तर माझं मत १२ व्होल्टच्या वर्गातलं, हॅमर असलेलं मशीन. बॉशचं जीएसबी १२०-एलआय हे त्यातलं सगळीकडे मिळणारं मॉडेल. पेटीत दोन बॅटऱ्या असलेला सेट बघा, साधारण तुमच्या बजेटमध्ये बसतो. ऑर्डर करताना अक्षरं नीट वाचा: जीएसबी म्हणजे हॅमरवालं, जीएसआर म्हणजे बिनहॅमरचं. दोन्ही दिसायला जवळपास सारखी, आणि जीएसआर जरा स्वस्त दिसलं की लोक तेच उचलतात. मग भिंतीसमोर उभं राहून कस्टमर केअरला फोन. १८ व्होल्टचं मशीन ताकदीने चांगलंच, पण वजनदार, आणि चांगल्या कंपनीचं घ्यायचं तर बजेटच्या बाहेर जातं. स्टुलावर उभं राहून एका हाताने ब्रॅकेट धरायचा असतो तेव्हा हलकं मशीन किती सोयीचं ते कळतं.

ब्रशलेस, म्हणजे मोटरमध्ये कार्बन ब्रश नसलेलं मशीन घ्यावं का, असंही विचारलंय. घरच्या वापराला गरज नाही. कार्बन ब्रश झिजायला तुम्हाला कैक वर्षं लागतील.

स्टिकरवरच्या आकड्यांना मात्र भुलू नका. लिथियम-आयनचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. पाच सेल जोडले की कुणी त्याला १८ म्हणतं, कुणी २० मॅक्स, कुणी २१, बॅटरी तीच. पण दीड-दोन हजारांच्या निनावी मशीनवर ‘४८ व्होल्ट’ आणि ‘८८ व्होल्ट’ लिहिलेलं दिसतं, त्यातही बहुतेक वेळा पाचच सेल निघतात. अशा मशीनचं खरं दुखणं पुढे येतं: बॅटरी गेली की तशी दुसरी मिळत नाही आणि चांगलं मशीन भंगारात जातं. म्हणून घेण्याआधी सुटी बॅटरी आणि चार्जर सोलापुरात मिळतात का, सर्व्हिस सेंटर कुठंय, हे दुकानदाराला विचारा. तो ‘मिळून जाईल की’ म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

आपल्या गावाचा उन्हाळा बॅटरीला सोसत नाही. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत पेटी ठेवू नका, पत्र्याच्या खोलीतही नको. महिनोन्‌महिने वापरायची नसेल तर अर्ध्या चार्जवर, घरातल्या गार कपाटात ठेवा. काम करून गरम झालेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नका.

बाळीवेशीतल्या घराचं वेगळं. भिंत दगड-मातीची असेल तर दगडावर हे मशीन हरणार, आणि सांध्यात भोक पाडलं तर माती ढासळून गिट्टी सैल होणार. तिथे सुतार करतात तेच बरं: सांध्यात सुक्या लाकडाचा गुटका घट्ट ठोकायचा आणि स्क्रू त्याच्यात. स्क्रू बसवायला मशीन मस्त चालेल. चकमागची आकड्यांची रिंग लहान आकड्यावर ठेवून सुरू करा, एकेक वाढवत न्या. एकदम वरच्या आकड्यावर ठेवलं तर स्क्रूचं डोकं झिजतं.

शंभर नगांच्या ॲक्सेसरीजचा सेट फुकट आहे म्हणून मशीन निवडू नका. त्यातले मेसनरी (भिंतीसाठीचे) बिट दोन भोकांत बोथट होतात. त्याऐवजी ६ आणि ८ मिमीचे चांगल्या कंपनीचे एकेक बिट वेगळे विकत घ्या. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडायचं नाही, वायरचा पाइप बहुतेक तिथूनच गेलेला असतो.