ग्रामपंचायतीने गावातल्या घरांचा पाच वर्षांचा आराखडा कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की गावात दरवर्षी घरकुलं मंजूर होतात, पण बरीचशी जोत्यावर नाहीतर लिंटेलवर (दारं-खिडक्यांवरच्या आडव्या पट्टीपर्यंत येऊन) अडकून पडतात, काहींना बांधायला जागाच नाही, आणि आता ग्रामपंचायतीला पुढच्या पाच वर्षांचा घरांचा आराखडा करायचाय. सुरुवात कुठून करावी, असा तुमचा प्रश्न आहे.

माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात निधीपासून करू नका. घरकुलाचा पैसा थेट लाभार्थ्याच्या खात्यात येतो आणि उद्दिष्ट वरून ठरून येतं. यादीत मनाने नाव घालता येत नाही. ग्रामसभा अपात्र नावं कारणासह वगळू शकते, सुटलेल्यांची नोंद करू शकते, एवढंच. पंचायतीच्या खऱ्या हातात आहे ती जागा, कागद आणि कामाचा क्रम. बहुतेक घरं अडतात तीही इथेच.

आधी घरोघर फिरून एक साधी वही करा. ‘कच्चं’ आणि ‘पक्कं’ एवढ्या दोनच रकान्यांनी काही कळत नाही. प्रत्येक कुटुंबापुढे त्यांचं घर नेमकं कशामुळे अडलंय ते लिहा: जागा नाही, जागा आहे पण नावावर नाही, भावकीची संमती नाही, मंजुरी आहे पण हप्ता आला नाही, हप्ता आला पण काम थांबलं, घर पक्कं आहे पण गळतं. पाच वर्षांचं काम या रकान्यांतून आपोआप मांडलं जातं, कारण प्रत्येक अडचणीचं कार्यालय वेगळं आणि तिला लागणारा वेळही वेगळा.

सगळ्यात जास्त वेळ जागेला लागतो, म्हणून पहिल्याच वर्षी तिला हात घाला. भूमिहीन पात्र कुटुंबांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. त्यात ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी १ लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. अडचण अशी की गावठाणाबाहेरचा एवढा तुकडा विकत घेताना तुकडेबंदी (ठरावीक मापापेक्षा लहान तुकडे विकायला बंदी घालणारा कायदा) आडवी येऊ शकते. घरकुलासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने वाट काढता येते, पण परवानगी आधी आणि इसार नंतर, हा क्रम मोडू देऊ नका. चार-सहा कुटुंबांनी एकाच मालकाकडून लागून जागा घेतली तर रस्ता, पाणी आणि वीज एकदाच न्यावी लागते. खरेदीखतात येण्या-जाण्याची वाट लिहून घ्या, नाहीतर घर उभं राहतं आणि सिमेंटची गाडी बांधावर थांबते.

गायरानाबद्दल मात्र सांभाळून. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालानंतर सार्वजनिक वापराच्या जमिनी वाटून देणं सोपं राहिलेलं नाही. शासकीय जागेवरच्या जुन्या निवासी अतिक्रमणांसाठी १६ फेब्रुवारी २०१८ चा शासन निर्णय आहे, पण तो १ जानेवारी २०११ पूर्वीच्या अतिक्रमणांना लागू होतो. त्यामुळे अशा घरांची त्या तारखेआधीची करपावती, वीजबिल, मतदारयादीतली नोंद असं सगळं आत्ताच एका फाइलीत लावून ठेवा. आणि एक गैरसमज गावोगाव आहे तो मोडून काढा: नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. स्वामित्वमध्ये (ड्रोनने गावठाण मोजायच्या योजनेत) मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढून घ्यायला लावा. वडिलोपार्जित जागेवर सगळ्या हिस्सेदारांचं संमतीपत्र मंजुरीच्या आधी घ्या. पाया खोदल्यावर भाऊ हरकत घेतो, आणि मग वर्ष वाया जातं.

बँकेचं काम छोटं दिसतं, पण हप्ते इथेच अडकतात. जनधनची बरीच खाती अपुऱ्या केवायसीमुळे ‘छोटी खाती’ म्हणून चालतात. अशा खात्यात वर्षभरात १ लाखापेक्षा जास्त रक्कम जमा होत नाही, म्हणून हप्ता परत जाऊ शकतो. मंजूर यादी हातात आली की बँकेचा माणूस पंचायतीत बोलवा. एकाच दिवसात सगळ्यांची केवायसी, आधार जोडणी आणि आधार व रोजगार हमीच्या जॉबकार्डवरच्या नावांची जुळवणी उरका.

आता अर्धवट घरांबद्दल. हे मी थोडं सविस्तर सांगतो, कारण दोष बहुतेक वेळा हप्त्याला दिला जातो आणि चूक असते आखणीत. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात. रोजगार हमीतून ९० मनुष्यदिवसांची मजुरी मिळते, म्हणजे २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने २८,०८०. शौचालयाचे १२ हजार वेगळे. एकूण साधारण १ लाख ६० हजार. राज्याचं वाढीव अनुदान यात धरलेलं नाही. यासाठी घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट, तेही स्वयंपाकाच्या जागेसह. पण घर आयुष्यात एकदाच होतं म्हणून माणूस पाचशे-सहाशे फुटांचं जोतं घालतो. पाया आणि जोत्यातच दुप्पट दगड-सिमेंट जातं आणि भिंती लिंटेलला पोचेपर्यंत हातात काही उरत नाही. नुसत्या स्लॅबचा हिशोब पाहा: छोट्या घराचा बाहेरून धरून साधारण ३० चौरस मीटरचा, ४ इंची स्लॅब म्हणजे ३ घनमीटर काँक्रीट. एम-२० ला (स्लॅबच्या नेहमीच्या काँक्रीट मिश्रणाला) घनमीटरमागे ८ गोण्या धरल्या तर २४ गोण्या सिमेंट. घर दुप्पट केलं की गोण्या दुप्पट, सळई दुप्पट, सेंट्रिंगचं भाडंही दुप्पट.

लोकांची मोठ्या घराची इच्छा रास्त आहे. तिला ‘नाही’ म्हणू नका, ती दोन टप्प्यांत बसवून द्या. ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याच्या समोर चुन्याने आखणी करून घ्या आणि जागेच्या एका कडेला घर बसवा. ज्या बाजूला पुढे खोली काढायची त्या भिंतीत दरवाज्याएवढ्या गाळ्यावर लिंटेल आत्ताच टाका, खालचा गाळा मातीत वीट लावून बुजवा आणि भिंतीच्या कोपऱ्यांना वीटकामाचे दाते (नवी भिंत गुंतवायला एकाआड एक बाहेर ठेवलेल्या विटा) सोडा. चार वर्षांनी भिंत न फोडता खोली जोडता येते.

क्रम पावसाकडून मागे मोजा. मंजुरीपासून १२ महिन्यांत घर पूर्ण करायचं असतं, पण बांधकामाचे दिवस प्रत्यक्षात दिवाळी ते मे एवढेच. पाया डिसेंबरपर्यंत, जोतं जानेवारीत, स्लॅब मार्चअखेर, असं धरा. स्लॅब मे महिन्यात गेला की गवंडी मिळत नाही आणि पाणीही नाही. आजकाल बाजारात बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असतं, त्याला किमान १० दिवस पाणी मारावंच लागतं. टंचाईच्या गावात पंचायतीने या दहा दिवसांच्या टँकरची सोय केली तर छतं गळण्याच्या निम्म्या तक्रारी कमी होतील, असं मला खात्रीने वाटतं.

वाळूचं असं आहे की घरकुल लाभार्थ्याला ५ ब्रासपर्यंत (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) वाळू मोफत मिळते, पण वाहतूक त्याच्याच खिशातून. दहा जणांचे पास एका आठवड्यात काढून गाड्या एकत्र लावल्या तर भाडं विभागलं जातं. मात्र सगळी घरं एका ठेकेदाराला देऊ नका. योजनेत ठेकेदार लावायला परवानगीच नाही.

हजेरीपटाकडे ग्रामरोजगार सेवकाचं लक्ष हवं. कामाची मागणी आणि ई-मस्टर (ऑनलाइन हजेरीपट) काम सुरू होण्याआधी निघायला हवं. भिंत झाल्यावर मागच्या तारखेची मजुरी मिळत नाही. प्रत्येक टप्प्याचा जिओ टॅग (जागेची नोंद असलेला) फोटोही त्याच आठवड्यात चढवून घ्या, कारण पुढचा हप्ता त्याच्यावर निघतो.

शौचालयाला एकच खोल खड्डा खणतात, ते थांबवा. दोन उथळ शोषखड्डे घ्या, मध्ये किमान १ मीटर अंतर, विहिरीपासून शक्यतो १० मीटर लांब, आणि आलटून पालटून वापरता येतील असे वाय (इंग्रजी Y आकाराच्या) जोडाचे. सांडपाण्याच्या नाल्या मात्र आराखड्यात घरांबरोबरच घाला. वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांसाठीच राखलेल्या) निधीतून स्वच्छतेची कामं घेता येतात.

राहिली ती पक्की पण गळकी, ओल धरलेली घरं. यांना घरकुल योजनेतून दुरुस्तीचे पैसे मिळत नाहीत, म्हणून ती कुठल्याच यादीत येत नाहीत. बऱ्याच घरांची ओल पागोळीचं पाणी जोत्याशी साचल्याने असते. छपराला पन्हळ आणि जोत्याभोवती बाहेरच्या बाजूला उतार दिलेला दोन फुटांचा कोबा, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. दिव्यांग व्यक्ती असलेल्या घरी रॅम्प आणि धरायला कठडा असलेलं शौचालय पंचायतीच्या स्वउत्पन्नातल्या ५ टक्के राखीव निधीतून करता येतं. वहीत अशा घरांना वेगळा रकाना द्या आणि दर मासिक सभेत त्यातली दोन-तीन तरी नावं विषयपत्रिकेवर घ्या.