गाडी विकू की दुरुस्त करू? आधी कार्ड फेडा

प्रश्न : माझी २०१२ची पेट्रोल गाडी सिग्नलला थरथरते, मिसिंग मारते. चेक इंजिनचा दिवा जात नाही. गेल्या वर्षी गॅरेजमध्ये ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) आणि मॅप सेन्सर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) बदलले, २२ हजार गेले. आता ईसीएमचे, म्हणजे इंजिनच्या संगणकाचे, ३८ हजार सांगतात. त्यापेक्षा ती सव्वा लाखाला विकून सव्वाआठ लाखांची नवी घ्यावी का? ७ लाखांचं कर्ज मिळतंय. क्रेडिट कार्डावर ८५ हजार बाकी आहेत, पण मिनिमम ड्यू (दरमहा भरायची किमान रक्कम) कधी चुकवलेला नाही. २ लाखांची एफडी अडीअडचणीसाठी आहे, तिला हात लावलेला नाही. बँकेतून घेतलेली हमीची पॉलिसी १२ टक्के देणार आहे. (सातारा, वय ४६)

उत्तर : गाडीआधी कार्डाचं बोलू. मिनिमम ड्यू चुकवला नाही हे तुम्ही समाधानाने लिहिलंय, आणि मला तिथेच धक्का बसला. महिना साडेतीन टक्के व्याज धरलं तर ८५ हजारांवर ३ हजार, त्यावर जीएसटी, म्हणजे साडेतीन हजार. तुम्ही भरता सव्वाचार हजारांच्या आसपास. मुद्दल जेमतेम ७००-८०० रुपयांनी हलतं. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. वर्षाला ४० हजारांवर पैसे असे जातात आणि शेजारीच एफडी ७ टक्क्यांनी बसलीय. अडचण याहून वेगळी कशी दिसते? उद्याच ८५ हजारांपुरती एफडी मोडा. मुदतपूर्व मोडल्याचा दंड किरकोळ आहे. कार्ड शून्यावर आणा.

पॉलिसीचं. १२ टक्क्यांची हमी देणारी आयुर्विमा पॉलिसी मी आजवर पाहिलेली नाही. अशा योजनांचा परतावा बहुधा ५-६ टक्क्यांच्या घरात असतो. तोंडी आकडा विसरा, बेनिफिट इलस्ट्रेशनचा (पॉलिसीतून किती मिळेल ते दाखवणारा) कागद काढा आणि मला पाठवा. त्या पैशांवर कर्ज फेडायचा बेत मुळीच नको.

आता गाडी. ७ लाख, पाच वर्षं, साडेनऊ टक्के : हप्ता पंधरा हजारांच्या जवळ, व्याज पावणेदोन लाखांवर. ज्यांना कार्ड फेडता येत नाही त्यांनी हा हप्ता घेऊ नये.

आणि ईसीएमला एवढ्यात हात लावू देऊ नका. तो शेवटचा संशयित असतो. स्कॅनरचा कोड कुठला भाग बदला हे सांगत नाही, कुठे शोधा हे सांगतो. पी ०१७१ आला असेल तर मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे एवढंच कळतं. तडकलेल्या व्हॅक्यूम पाइपातून हवा शिरत असेल, तर ऑक्सिजन सेन्सर खरं बोलत होता आणि तुम्ही त्यालाच बदललंत. स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं) करून घ्या. पी ०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, असेल तर त्याची इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी) दुसऱ्यावर लावून बघायला सांगा. कोड ०३०२ झाला, म्हणजे मिसिंग दुसऱ्या सिलिंडरवर गेलं, तर दोष कॉइलचा. या तपासाला सुटा भाग लागत नाही. स्पार्क प्लग, थ्रॉटल बॉडीची सफाई, एखादी कॉइल : माझ्या अंदाजाने सहा-सात हजारांत भागावं. ३८ हजारांचं कोटेशन दुसऱ्या गॅरेजला दाखवू नका, आधी त्यांना स्वतः तपासू द्या.

पण टाळूही नका. मिसिंगमध्ये न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन त्यालाच जाळतं, आणि तो खर्च मोठा आहे.

आरसीची १५ वर्षं २०२७मध्ये संपतील, तेव्हा फिटनेस तपासणी करून नूतनीकरण करावं लागेल. तोवर कार्डाला जाणारे सव्वाचार हजार दरमहा आरडीत टाका. नव्या गाडीचा विचार त्या पैशांवर करू.