चित्रं काढणं सोडून बसलेल्या तेरा वर्षांच्या मुलीसाठी जादूची एखादी चित्रकादंबरी सुचवाल का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी ‘माझ्या हातातच नाही ते’ म्हणून महिनाभर वहीला शिवलेली नाही, आणि तिला जादू शिकणाऱ्या मुलीची गोष्ट हवी आहे. मग डोळे झाकून ‘विच हॅट अटेलिए’ आणा. शिराहामा कामोमे या जपानी चित्रकर्तीची ही मंगा, म्हणजे जपानी चित्रकथांची मालिका 2016 मध्ये सुरू झाली, 2020 साली तिला कॉमिक्ससाठीचा मानाचा आयस्नर पुरस्कार मिळाला. मी ती इंग्रजीतून वाचली.

कोको ही कपडे शिवणाऱ्या बाईची मुलगी. जादूचं भयंकर वेड, पण जादूगार जन्मावाच लागतो असं सगळ्यांनी तिला सांगून ठेवलेलं. एकदा किफ्री नावाचा जादूगार मोडलेली उडती गाडी दुरुस्त करायला बसतो, कुणी आत बघायचं नाही अशी ताकीद देतो, आणि ही डोकावते. आत मंत्रबिंत्र काही नाही. गडी शाई-लेखणी घेऊन चक्क चित्र काढतोय! म्हणजे खास शाई, नेमकी आकृती आणि बसलेला हात, एवढीच काय ती जादू. जन्माचा काही संबंध नाही, फक्त हे गुपित जादूगारांनी दाबून ठेवलंय.

कोको घरी येऊन लहानपणी मिळालेल्या पुस्तकातल्या आकृत्या कागद ठेवून गिरवत सुटते. त्यातली एक नेमकी निषिद्ध निघते आणि घरासकट आई दगड होऊन जाते. पोरीचं शिक्षण सुरू होतं ते या अपराधाचं ओझं घेऊन. म्हणूनच ही गोष्ट मला निव्वळ गोड वाटत नाही.

आकृतीभोवतीचं वर्तुळ पुरं झालं की जादू चालू होते. त्यामुळे उडायच्या बुटांच्या तळव्यांवर अर्धं-अर्धं वर्तुळ काढलेलं असतं; पाय जुळवले की गोल पुरा, आणि माणूस हवेत. हे वाचून माझ्या भाचीने स्वतःच्या चपला जेल पेनने रंगवल्या होत्या. ताई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

नावातली ‘विच’ म्हणजे चेटकीण, आणि हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा, त्यामुळे घरात कुणी नाक मुरडलं तर ‘जादूगारीण’ म्हणा. शरीरावर जादू करायला गोष्टीतल्या जगात बंदी आहे, अगदी आजार बरा करायलासुद्धा, आणि त्यावरून पुढे गोष्ट बरीच काळवंडते. तेरा वर्षांच्या मुलीला झेपेल, धाकटं भावंड असेल तर त्याला नको. आणि पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं हे आधी सांगा. मी पहिली काही पानं उलटी वाचून लेखिकेलाच नावं ठेवत होतो.

आधी पहिलाच खंड घ्या. सोबत निबचा टाक आणि काळ्या शाईची बाटली द्या. कंपासपेटीतला वर्तुळ काढायचा कंपास मात्र काही दिवस लपवून ठेवा.