एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसली, म्हणजे ऑपरेशन करावंच लागेल का?

तुम्ही लिहिलंय की एल४-एल५ची (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) गादी बाहेर आलीय, डावा पाय पोटरीपर्यंत ठणकतो आणि तीन आठवड्यांतच ऑपरेशन सुचवलं गेलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, असे रुग्ण रोज बघते. पहिल्यांदा हे तपासा: लघवी अडतेय किंवा नकळत होतेय का? मांड्यांच्या आतली, बसायची जागा बधिर झालीय का? तसं असेल तर हे उत्तरही पुढे वाचू नका, तडक इस्पितळ गाठा. मग आधार घेऊन टाचांवर चालून बघा. डावा चवडा उचलला जात नसेल तर ताकद कमी होतेय, तेव्हाही वाट बघत थांबायचं नाही.

हे काही नसेल, तर घाई नको. 1994 साली कंबरदुखी नसलेल्या 98 जणांचे एमआरआय काढले होते. निम्म्याहून जास्त लोकांत एखादी तरी गादी फुगलेली निघाली. शिवाय बाहेर आलेला तुकडा शरीर बरेचदा हळूहळू शोषून घेतं, मोठा असला तरीही. बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत बराच आराम पडतो.

तोवर अंथरुण धरू नका. एक-दोन दिवस पडून राहिलात तर ठीक, नंतर झेपेल तितकं चाला. पोटावर झोपा, कोपरांवर हळूच छाती उचला. दुखणं पोटरीतून मागे सरकून कुल्ल्यापाशी आलं, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ते चांगलं लक्षण. पायात आणखी खाली उतरलं तर लगेच थांबा. वाकून आणि त्यातच वळून वजन उचलणं पूर्ण बंद. ट्रॅक्शनवर, म्हणजे वजन लावून कंबर ताणण्यावर, माझा फारसा भरवसा नाही. आणि झटका देऊन ‘नस बसवणाऱ्या’कडे तर कृपा करून जाऊ नका.

वेदनेने झोपच लागत नसेल तर मणक्यातल्या स्टेरॉइड इंजेक्शनबद्दल विचारा. त्याने गादी जागेवर जात नाही, पण काही आठवडे सुसह्य होतात.

इतकं करूनही पाय ठणकतच राहिला तर मायक्रोडिस्केक्टॉमी, म्हणजे छोट्या छेदातून नसेवर दाबणारा गादीचा तुकडा काढायचं ऑपरेशन, चांगला पर्याय आहे. पायाचं दुखणं लवकर थांबतं. नुसत्या कंबरदुखीला मात्र तिचा तेवढा उपयोग होत नाही. होकार देण्याआधी सर्जनना विचारा, एमआरआयमध्ये दबलेली नस आणि माझ्या पायात दुखणारी नस एकच आहे का? उत्तर स्पष्ट मिळालं नाही तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या.